अडीच सेकंदांतला ड्रम

ऐंशीच्या दशकाअखेरच्या न्यूयॉर्कमधील हिप-हॉप गाण्यांतला ड्रम जाड, खरखरीत आणि काहीसा धुळकट ऐकू येतो. गंमत अशी, की त्यातल्या कित्येक गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाला ड्रमवादक हजरच नव्हता. जुन्या तबकडीवरचा ठोका सॅम्पलरमध्ये उचलून, कापून, हवा तसा घडवलेला असे. या कामातले गाजलेले यंत्र म्हणजे कॅलिफोर्नियातल्या ई-म्यू कंपनीचे एसपी-१२००. ते १९८७ मध्ये बाजारात आले.

सॅम्पलर आवाजाचा तुकडा साठवतो आणि बटण दाबताच वाजवतो. सीडीसाठी सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापे घेतात आणि प्रत्येक मोजमाप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवतात. एसपी-१२०० मध्ये मोजमापे सुमारे २६,०००, पायऱ्या अवघ्या ४,०९६. एकूण साठवण दहा सेकंदांची. त्यातही एक तुकडा फार तर अडीच सेकंदांचा.

या टंचाईवर कलावंतांनी तोड काढली. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ते ४५ फेऱ्यांवर फिरवत. आवाज घाईचा आणि चढ्या पट्टीचा होई, पण अडीच सेकंदांत मूळचे जवळजवळ ३.४ सेकंद मावत. मग यंत्रातच तो पुन्हा खाली उतरवायचा. उतरवताना यंत्र मधली नवी मोजमापे काढत नसे, आहेत तीच पुन्हा वाचत असे. त्यातून मुळात नसलेली धातूसारखी किणकिण मिसळे. तांत्रिकदृष्ट्या हा दोष. ऐकणाऱ्यांना मात्र तोच आवडला.

पुढचे काम बारकाईचे. तुकड्याची सुरुवात नेमकी ठोक्यावर कापली नाही, तर ठोका उशिरा पडतो. शेपूट आखूड केले, की आवाज कोरडा आणि घट्ट होतो. यंत्राला आवाज बाहेर काढण्याच्या आठ वाटा होत्या. पहिल्या दोन वाटांवरचा फिल्टर वरचे स्वर कापी, म्हणून खर्जाचा मोठा ड्रम तिथे शोभे. शेवटच्या दोन वाटांवर फिल्टर नव्हताच. झांजांची चमक तिथे टिके.

पण मुळात ठोका कोणाचा? जेम्स ब्राऊन यांच्या १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फंकी ड्रमर’मधला ठेका क्लाइड स्टबलफील्ड यांनी वाजवला होता. पब्लिक एनेमीच्या ‘फाइट द पॉवर’सह (१९८९) असंख्य गाण्यांत तो वापरला गेला. रचनाकार म्हणून नोंद मात्र ब्राऊन यांची होती, त्यामुळे रचनेच्या मानधनात स्टबलफील्ड यांना वाटा मिळाला नाही. २०१७ मध्ये ते वारले.

म्हणून हा ड्रम ऐकताना दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. खरखर आणि किणकिण यंत्राची. मुख्य ठोक्यांच्या मध्ये जेमतेम ऐकू येणारे हलके स्पर्श मात्र माणसाच्या मनगटाचे. यंत्राने ठोक्याचा पोत बदलला. ती नजाकत त्याने निर्माण केली नाही, फक्त उचलली. पहिल्या गोष्टीचे श्रेय यंत्राला भरपूर मिळाले. दुसरीचे देणे अजून बाकी आहे.