'आर्सेनल' : एका नांवाचें स्थलांतर

लंडन शहरांतील भुयारी रेल्वेचा एक नकाशा आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस पाठविला. त्यांत शहराच्या उत्तरेस इस्लिंग्टन विभागांत 'आर्सेनल' नांवाचें स्थानक आहे. आर्सेनल म्हणजे शस्त्रागार. तेव्हां या जागीं पूर्वीं दारूगोळ्याचें कोठार असावें, असा त्याचा तर्क. तर्क सहज सुचणारा खरा, पण चुकीचा आहे. स्थलनामांवरून इतिहास काढणारांस त्याच्या निरसनाचा उपयोग होईल, असें वाटल्यावरून हें टिपण वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्द पाहूं. याचें मूळ अरबी 'दार अस्-सिनाआ', म्हणजे कारागिरीचें घर. व्हेनिस येथील सरकारी जहाजबांधणीच्या गोदीस हें नांव पडलें व पुढें तें युरोपांतील भाषांत शस्त्रशाळेस रूढ झालें. आपल्याकडील फारसी 'कारखाना' हा अर्थानें त्याचा सख्खा भाऊच होय. अठरा कारखान्यांत तोफखाना व दारूखाना येत, हें वाचक जाणतातच.

आतां स्थळ. थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर वुलिच येथें इ. स. १६७१ मध्यें सरकारनें जागा घेऊन तोफा व दारूगोळा यांचें कोठार केलें. पुढें तेथें निर्मितिही होऊं लागली, आणि १८०५ मध्यें राजे तिसरे जॉर्ज यांच्या भेटीच्या वेळीं त्यास 'रॉयल आर्सेनल' हें नांव मिळालें. तेथील एका इमारतीच्या दरवाज्यावर छायायंत्र होतें. त्यावरून त्या भागास 'डायल स्क्वेअर' म्हणत. या भागांतील कामगारांनीं १८८६ मध्यें फुटबॉलचा संघ काढला व त्यास आपल्या कामाच्या जागेचेंच नांव दिलें. त्यांत स्कॉटलंडहून आलेला डेव्हिड डॅन्स्किन हा पुढाकार घेणारा होता. ११ डिसेंबर १८८६ रोजीं झालेला पहिला सामना त्यांनीं सहा गोलांनीं जिंकला. लवकरच संघाचें नांव 'रॉयल आर्सेनल' झालें. १८९१ मध्यें वेतनी खेळाडू ठेवण्याचें ठरलें. १८९३ मध्यें संघाची कंपनी होऊन 'वुलिच आर्सेनल' हें नांव आलें, व त्याच वर्षीं 'फुटबॉल लीग'मध्यें प्रवेश मिळविणारा तो दक्षिण इंग्लंडमधील पहिला संघ ठरला.

परंतु वुलिचचें मैदान शहराच्या एका टोकास पडे, प्रेक्षक थोडे येत व पैशाची तंगी असे. १९१० मध्यें संघ बुडण्याच्या बेतास आला असतां हेन्री नॉरिस यांनीं तो हातीं घेतला. १९१३ मध्यें त्यांनीं तो नदीपलीकडे उत्तरेस हायबरी येथें नेला. तेथील मैदान एका धर्मशिक्षणाच्या विद्यालयाकडून भाड्यानें घेतलें होतें. शेजारच्या टॉटनहॅम व क्लॅप्टन ओरिएंट या संघांनीं, तसेंच तेथील रहिवाशांनीं हरकत घेतली. पण ती चालली नाहीं. पुढच्या वर्षीं 'वुलिच' हा शब्द गळला. ज्या गांवच्या कामगारांनीं संघ जन्मास घातला, त्या गांवाचें नांव संघाच्या नांवांतून असें नाहींसें झालें.

मैदानाजवळील रेल्वे-स्थानक १९०६ मध्यें उघडलें, तेव्हां त्याचें नांव जवळच्या रस्त्यावरून 'गिलेस्पी रोड' असें होतें. संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनीं खटपट करून १९३२ मध्यें त्यास 'आर्सेनल' हें नांव देवविलें. मात्र फलाटाच्या भिंतींवरील चिनी मातीच्या फरशांत 'गिलेस्पी रोड' हीं अक्षरें अद्यापि वाचतां येतात. कागदावरील नांव पालटलें, भिंतीवरचें राहिलें. आमच्या मतें हा शिलालेखाच्याच तोडीचा पुरावा आहे.

२००६ मध्यें संघ हायबरीहून जवळच्याच नव्या मैदानांत गेला व जुन्या प्रेक्षकगृहांच्या जागीं राहण्याचीं घरें झालीं. वुलिचचा कारखाना १९६७ मध्येंच बंद पडला होता. तेथेंही आतां वस्ती आहे. शस्त्रें गेलीं, कामगार गेले. संघाच्या चिन्हावरील तोफ तेवढी उरली आहे.

यांतून संग्राहकांनीं दोन गोष्टी घ्याव्या. पहिली, नांवाच्या पालटावरून निनांवी व बिनतारखेचा कागद कालानुक्रमें लावतां येतो. सामन्याच्या पत्रकावर 'वुलिच आर्सेनल' असेल तर तें बहुधा १८९३ ते १९१४ या काळांतील. नकाशांत 'गिलेस्पी रोड' असेल तर तो १९०६ ते १९३२ मधील. 'बहुधा' म्हणण्याचें कारण असें कीं, जुनें नांव लोकांच्या तोंडीं व लेखणींत मागाहूनही रेंगाळतें. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. नांव आहे म्हणून वस्तु तेथें होतीच, असें धरून चालूं नये. आपल्याकडेही पेठांचीं व आळ्यांचीं नांवें माणसांबरोबर एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातात. स्थलनाम हा साक्षीदार खरा. पण तो मूळचा कोठला व येथें केव्हां आला, हें विचारल्यावांचून त्याची साक्ष नोंदूं नये.