यमूचा झगडा कोणाशीं?

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० सालीं 'करमणूक' पत्रांतून क्रमशः येऊं लागली, तेव्हां लेखकाचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. कथा मात्र त्यांनीं यमू या तरुण विधवेच्या तोंडूनच वदविली आहे.

कादंबरीचा प्राण संघर्षांत असतो असें म्हणतात. येथें तो प्रथमदर्शनीं दिसतो व्यक्तिव्यक्तींमधला : एकीकडे यमू, दुसरीकडे ढोंगी शंकरमामंजी. हें पात्र इतकें ठसठशीत उतरलें आहे कीं, हा एक दुष्ट नसता तर यमूची दैना टळली असती असें पुष्कळ वाचकांस वाटतें. हा समज टिकणारा नाहीं. यमूची आई संतापी नवऱ्याच्या धाकांत झिजली. मैत्रीण दुर्गी हिचा छळ तिच्या उनाड नवऱ्यानें केला. पुरुष निरनिराळे, घरें निरनिराळीं, पण बायकांची स्थिति एकच! म्हणजे खरा प्रतिपक्षी रूढि हा होय. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच झाला होता; पण कायद्यानें मोकळी केलेली वाट माजघरापर्यंत पोंचलीच नव्हती.

याहून सूक्ष्म झगडा यमूच्या अंतःकरणांत चालतो, आणि कादंबरीचा उत्तम भाग तोच. रघुनाथराव तिच्या विद्येची आवड जोपासतात, मुंबईच्या बिऱ्हाडीं तिला मोकळेपणानें वागूं देतात. परंतु लहानपणीं अंगीं मुरलेला धाक असा थोडाच सुटतो? बुद्धि पुढें ओढते, लाज मागें खेंचते. शिवाय ही मोकळीक पतीच्या प्रेमानें मिळालेली, हक्काची नव्हे. पति गेला, तशी तीही गेली. रघुनाथरावांचा मृत्यु हा कथेंतला केवळ योगायोग, असा आक्षेप कोणी घेईल. मृत्यु हा दैवाचा घाला खरा. पण पुण्यास आणून तिचें बळजबरीनें केशवपन करणें ही माणसांची करणी आहे.

मग राहतो शेवटचा झगडा, तो वाचकाशीं. शीर्षकांतला प्रश्न त्यालाच उद्देशून आहे. 'करमणूक' हें कुटुंबांत वाचावयाचें साप्ताहिक. ज्या घरांत यमूची हकीकत आठवड्याच्या आठवड्याला वाचली जाई, त्यांतलीं कित्येक घरें शंकरमामंजींच्या घराहून फारशीं निराळीं नव्हतीं.