चकाकी येते साच्यातून

परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे हेमाडपंती मंदिरे आहेत. तेथील खांबांवरची नक्षी कारागिरांनी छिन्नीने दगडात कोरली. आता लग्नमांडवातील नक्षीदार फलक पाहा. तेही दगडी भासतात. पण उचलून पाहिले तर हलके! आपण त्यांना ‘फायबर’चे म्हणतो. खरे म्हणजे ते काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांचे बनलेले असतात. त्यांच्यावर छिन्नी चालवलेली नसते. मग ही नक्षी आणि सर्वत्र सारखी चकाकी कोठून येते?

गंमत अशी, की फलकाचा दिसणारा थर सर्वांत आधी तयार होतो. प्रथम मूळ नमुन्यावरून उलटा साचा करतात. नमुन्यात उंचवटा, तेथे साच्यात खळगा. साच्याची आतली बाजू घासून आरशासारखी करतात आणि फलक चिकटू नये म्हणून तिला मेण चोळतात. येथे एक ओरखडा राहिला, तर तो प्रत्येक फलकावर उमटतो.

मेणावर रंगीत रेझिनचा सुमारे अर्धा मिलिमीटर थर देतात. हा ‘जेलकोट’. तो फार पातळ झाला, तर पुढच्या थरातील स्टायरीन त्यात मुरते आणि सुरकुत्या पडतात. फार जाड झाला, तर तडे जातात. तो पुरेसा घट्ट झाला, की त्यावर काचतंतूंची चटई ठेवून रेझिनने भिजवतात आणि रूळ फिरवून हवेचे बुडबुडे काढतात. नुसते रेझिन ठिसूळ असते. ताण सोसतात ते केसाहून बारीक असे हे काचतंतू.

रेझिन घट्ट होते ते वाळून नव्हे. त्यात शेकडा एक-दोन भाग ‘कॅटॅलिस्ट’ मिसळले, की पॉलिएस्टरच्या लांब रेणूंना स्टायरीनचे रेणू जोडून जाळे विणतात. या क्रियेत उष्णता निर्माण होते.

येथेच परभणीचा उन्हाळा आडवा येतो. तापमान १० अंशांनी वाढले, की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंश आणि मेमधील दुपारी ४० अंश धरा. फरक ३० अंशांचा, म्हणून वेग २ × २ × २ = ८ पट! नेमकी तेव्हाच लग्नसराई असते. रेझिन भराभर तापते, आक्रसते. काच मात्र फारशी आक्रसत नाही. मग तंतूंची जाळी पृष्ठभागावर उमटते. हे टाळायला कॅटॅलिस्टचे प्रमाण बेताने कमी करतात, मिश्रण थोडे थोडे कालवतात आणि सकाळी सावलीत काम करतात. कॅटॅलिस्ट फारच कमी पडले, तर मात्र फलक मऊच राहतो. एकदा विणलेले जाळे वितळत नाही. म्हणून बिघडलेला फलक मेणासारखा पुन्हा ओतता येत नाही. तो कचराच होतो.

हे काम घरी करू नका. कॅटॅलिस्ट डोळ्यांना घातक आहे. क्रियेला वेग देणाऱ्या कोबाल्टच्या द्रावणात ते थेट मिसळले, तर स्फोट होऊ शकतो. स्टायरीनची वाफही अपायकारक असते. त्यामुळे कामगारांना चष्मा, हातमोजे आणि खेळती हवा हवीच.

तुम्ही मात्र एक सोपा प्रयोग करा. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या ताटलीला तेलाचा हात फिरवा आणि त्यात पाण्यात कालवलेले प्लॅस्टर ऑफ पॅरिस ओता. घट्ट होताना ताटलीला बाहेरून हात लावा. ती कोमट लागेल. मग वडी उलटी काढून दोन्ही बाजू पाहा. गुळगुळीत कोणती, आणि का, हे वर्गात सांगा.