चिटबॉयचा अर्ज : चालते काम सोडून डोळे तपासण्याचे शिक्षण घ्यायचे तर



दर अंकात आम्ही आपल्याशी बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. या वेळी विषय उसाबाहेरचा आहे. पण तो आमच्या गट ऑफिसातूनच निघाला म्हणून येथे लिहीत आहोत.

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट. आमच्या गटातला एक चिटबॉय सेवेचा दाखला मागायला आला. वय एकोणतीस, बी.एस्सी. झालेला, हंगामापुरते काम, आणि घरी अडीच एकर रान. दाखला कशाला हवा, असे आम्ही विचारले, तर म्हणाला, "साहेब, ऑप्टोमेट्रीला अर्ज करायचा आहे." आम्हाला तो शब्द नीट कळला नाही. कळल्यावर आम्ही हसलो आणि म्हणालो, "आता हे वय आहे का रे? पुढच्या हंगामात कायम होण्याचे बघ." तो काही न बोलता गेला. दाखला त्याला आठवडाभराने मिळाला आणि तोवर अर्जाची मुदत टळून गेली होती. त्याचे एक वर्ष आमच्यामुळे गेले, हे येथे कबूल करतो. त्यानंतर आम्ही या विषयाची माहिती काढली, तीच पुढे देत आहोत.

त्याला हे का सुचले ते आधी सांगायला हवे. पाचट काढताना त्याच्या वडिलांच्या डोळ्याला उसाचे पान लागले होते. उसाच्या पानाची धार आपल्याला ठाऊक आहे. बुबुळावर बारीक ओरखडा उठतो, त्यातून बुरशी आत शिरते आणि जखम चिघळते. आबांनी दुकानातून थेंब आणून घातले. त्या थेंबात स्टेरॉइड असले तर लाली उतरते, बरे वाटते, आणि आत बुरशी मात्र फोफावते. दवाखान्यात पोचेपर्यंत डोळ्यात फूल पडले होते. बापाबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसून या पोराने पाहिले की डॉक्टरांच्या आधी एक जण अंधाऱ्या खोलीत रोग्याला बसवून सगळी तपासणी करतो. तो डॉक्टर नव्हता आणि चष्म्याचा दुकानदारही नव्हता. मग तो कोण, असे याने विचारले. तेथून ही गोष्ट सुरू झाली.

डोळ्याच्या कामात तीन वेगळी माणसे असतात आणि आपण तिघांनाही 'डोळ्याचा डॉक्टर' म्हणून मोकळे होतो. एम.बी.बी.एस. होऊन पुढे डोळ्यांचे विशेष शिक्षण घेतलेला तो नेत्रतज्ज्ञ. मोतीबिंदू काढणे, काचबिंदूवर औषध देणे हे त्याचे काम. भिंगे फ्रेममध्ये बसवून चष्मा देणारा तो ऑप्टिशियन. या दोघांमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट येतो. नजर मोजणे, नंबर काढणे, लहान मुलांतला तिरळेपणा आणि मंद राहिलेला डोळा वेळीच ओळखणे, कॉन्टॅक्ट लेन्स बसवणे, डोळ्याचा दाब मोजणे आणि संशय आला की रोग्याला नेत्रतज्ज्ञाकडे धाडणे ही त्याची कामे. शस्त्रक्रिया तो करत नाही.

यातले एक तंत्र आम्ही समजून घेतले आणि ते आम्हाला फार आवडले. खोली अंधारी करतात. रेटिनोस्कोप नावाच्या छोट्या हत्याराने उजेडाची बारीक पट्टी डोळ्याच्या बाहुलीवरून इकडून तिकडे फिरवतात. आतून तांबूस चमक येते. ती पट्टीबरोबर सरकली तर बहुधा अधिक नंबरची भिंगे लागतात, उलट दिशेने सरकली तर उणे नंबरची. एकेक भिंग डोळ्यापुढे धरत जायचे, चमकेचे सरकणे थांबले की नंबराचा अंदाज मिळतो. रोग्याने एक शब्दही बोलावा लागत नाही. म्हणून तान्ह्या मुलाचा, मुक्या माणसाचा आणि अक्षरओळख नसलेल्या आजीचाही नंबर निघतो. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. तो हॉलंडच्या स्नेलेन यांनी १८६२ साली काढला. त्यावरून कोणाची नजर ६/६० निघाली, तर धड डोळ्याला साठ मीटरवरून दिसणारे अक्षर त्याला सहा मीटरवर यावे तेव्हा दिसते, असा अर्थ होतो. आपल्यातल्या पुष्कळांना वजनकाट्याची पावती हात लांब करून वाचावी लागते. ती मात्र चाळीशी. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण चष्मा लावायला लाजूही नये.

आता शिक्षणाकडे येऊ. बॅचलर ऑफ ऑप्टोमेट्री ही पदवी चार वर्षांची, त्यात शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे, म्हणजे दवाखान्यात प्रत्यक्ष काम करण्याचे. बारावी सायन्स झालेल्याला प्रवेश मिळतो. आमचा चिटबॉय येथेच चुकला होता. बी.एस्सी. असल्याने आपले काम सोपे होईल असे त्याला वाटत होते. अमेरिकेत तसे आहे. तेथे आधी पदवी, मग वेगळी प्रवेश परीक्षा आणि मग ऑप्टोमेट्रीची चार वर्षे, आणि दुसरे काम सोडून आलेली तिशीतली माणसेही त्या वर्गात बसतात. फोनवर शोधले की बहुतेक तिकडचीच माहिती समोर येते आणि आपली पोरे गोंधळतात. आपल्याकडे पदवीला वजन नाही, बारावीला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीची, ट्रंकेच्या तळाशी गेलेली ती गुणपत्रिका बाहेर काढावी लागते.

त्या गुणपत्रिकेत दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, विषय. फिजिक्स आणि केमिस्ट्री हवेतच. तिसऱ्या विषयाला काही संस्था बायॉलॉजी किंवा गणित चालवतात, काही बायॉलॉजीच मागतात. आमच्या चिटबॉयचे गणित होते. त्यामुळे अर्ध्या संस्थांची दारे अर्ज करण्याआधीच बंद झाली. दुसरी गोष्ट टक्केवारी. बहुतेक ठिकाणी खुल्या वर्गाला या विषयांत पन्नास टक्के लागतात आणि राखीव वर्गाला सवलत असते. कमी पडत असेल, किंवा आमच्यासारखा दहावीनंतर थेट कृषी पदविकेला गेलेला कोणी असेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून विज्ञान विषय घेऊन बारावी करता येते. तेथे प्रात्यक्षिकेही असतात आणि वयाची आडकाठी नाही. मात्र ज्या कॉलेजात जायचे तेथे ही बारावी चालते ना, हे आधी लेखी विचारून घ्यावे. प्रवेश गुणांवर की परीक्षेवर, हे संस्थेगणिक वेगळे असते आणि वर्षागणिक बदलते. म्हणून त्या वर्षाचीच माहितीपुस्तिका हाती घ्यावी. मागच्या वर्षीच्या शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये.

एक जुनी फसवणूक सांगून ठेवतो. डोळे तपासण्याचे 'सहा महिन्यांचे सर्टिफिकेट' देणारे फलक अनेक शहरांत लागत आले आहेत. कारण या व्यवसायाला वर्षानुवर्षे स्वतंत्र कायदाच नव्हता. २०२१ साली केंद्राने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात ऑप्टोमेट्रिस्ट आणि नेत्र सहाय्यक हे दोन्ही व्यवसाय आहेत आणि शिक्षणाचे किमान तासही त्यात ठरवून दिले आहेत. सहा महिन्यांत ते तास भरत नाहीत. फी भरण्यापूर्वी कॉलेजला विचारावे, विद्यापीठ कोणते आणि आयोगाची मान्यता कशी. उत्तर तोंडी मिळाले तर आपणही तोंडीच नमस्कार करून परत यावे.

ज्यांना चार वर्षे थांबणे शक्य नाही त्यांच्यासाठी नेत्र सहाय्यकाची दोन वर्षांची पदविका आहे. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून प्राथमिक आरोग्य केंद्रांतून असे लोक काम करत आले. पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश देणाऱ्या संस्थाही आहेत. सरकारी जागा मोजक्याच निघतात, त्यांच्या भरवशावर घरचा हिशेब मांडू नये. खाजगी नेत्र रुग्णालये आणि चष्म्याची मोठी दुकाने यांतच बहुतेकांना काम मिळते आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो.

आपल्याकडून पुणे जवळ. सोनसळच्या पतंगराव कदमांनी १९६४ साली स्थापलेल्या भारती विद्यापीठात पुण्याला ऑप्टोमेट्रीचे शिक्षण आहे. तेथेच ह. वि. देसाई नेत्र रुग्णालयही हे शिक्षण देते. पण अर्जाआधी एक काम जवळच करावे. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालयात, सांगलीच्या वसंतदादा पाटील रुग्णालयात किंवा मिरजेला नेत्रविभागात परवानगी काढून चार दिवस नुसते बसावे. सकाळपासून एका अंधाऱ्या खोलीत तोच तक्ता आणि तोच प्रश्न, 'आता बरे दिसते का मघाशी?' रानात वाढलेल्या माणसाला ते सोसते की नाही, ते चार दिवसांत कळते.

पैशाचे बोलतो. फीपेक्षा मोठा आकडा असतो तो चार वर्षे न मिळणाऱ्या कमाईचा, आणि तो कोणी कागदावर मांडत नाही. फी, खोली, मेस आणि बुडालेला पगार असे चारही रकाने मांडावेत. शैक्षणिक कर्जाला अभ्यासक्रम अधिक एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज त्या काळातही चढत असते. चार लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही. वडील सहकर्जदार होतात, तेव्हा सोसायटीची थकबाकी असेल तर आधी ती मिटवावी, नाहीतर बँक तेथेच अडवते. रान विकून फी भरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आबा अर्धा एकर काढायला निघाले होते. आम्ही त्यांना थांबवले.

आबांचेही सांगायला हवे. पहिल्यांदा ते रागानेच ऑफिसात आले होते. "साहेब, तीस वर्साचा घोडा पोरांच्या बाकावर बसणार म्हणतोय. समजवा जरा." आम्ही त्यांना किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले होते. काही रंगांतला फरक आपल्या डोळ्यांना कळत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले आणि रंगकाम सोडावे लागले. मग यांत्रिक रेखाटन, शिक्षकाची नोकरी, बेळगावात सायकलीचे दुकान, त्यानंतर लोखंडी नांगर, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. आबा म्हणाले, "त्येंची गोष्ट येगळी." तेही खरेच आहे. पण नंतर सहकर्जदार म्हणून सही करायला आबाच पुढे आले.

वयस्कर अर्जदाराला जादा लागणारे कागद म्हणजे शिक्षणात पडलेल्या खंडाचे प्रतिज्ञापत्र, आधीच्या विद्यापीठाचे मायग्रेशन सर्टिफिकेट आणि नोकरीचा दाखला. जात वैधता व नॉन-क्रीमीलेअरची कामे उन्हाळ्यातच उरकावीत. प्रवेशाची धावपळ आणि आडसाली लागण एकाच वेळी येतात आणि तेव्हा घरात कोणालाच सवड नसते. आमच्या गट ऑफिसात सेवेचा दाखला आता अर्ज दिल्या दिवशी मिळतो.

चिटबॉयने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, गणित चालवणाऱ्या दोन ठिकाणी. एका ठिकाणी नाव लागले. सध्या तो दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गातली पोरे त्याला 'काका' म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसात आला होता. आम्ही वजनाची यादी हात लांब करून वाचत होतो, ते बघून म्हणाला, "साहेब, नंबर वाढलाय तुमचा." आम्ही म्हटले, "मग दे की काढून." तर म्हणाला, "मला अजून अधिकार नाही. मिरजेला दाखवून या."