चकमक झडते तेव्हा

दगडातून ठिणगी निघते, असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर जळतं ते लोखंड. गारगोटीची धारदार कड पोलादी पट्टीपेक्षा कठीण असते. फटका बसला की ती पोलादाचा बारीक कीस काढते आणि घर्षणाने तापलेला तो कण हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पेट घेतो. मऊ लोखंडाचं इथे काम नाही. भरपूर कार्बन असलेलं, पाणी दिलेलं पोलाद लागतं. मोडकी कानस उत्तम.

ठिणगी झेलायला जळकी चिंधी हवी. सुती कापड झाकणाच्या डबीत, हवा लागू न देता भाजलं की त्याचा काळा, हलका कोळसा होतो. त्यावर ठिणगी पडली की लाल ठिपका उमटतो आणि कडेकडेने पसरत जातो. मग तो सुक्या गवताच्या गुंडाळीत ठेवून सावकाश फुंकायचं.

१९९१ साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या 'ओट्झी' या माणसाच्या शवाजवळही आग पेटवायची अशी सामग्री होती: झाडावर वाढणारी बुरशी आणि तिला चिकटलेले पायराइट या खनिजाचे कण.

सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये गारगोट्यांना तोटा नाही. लायटरमधला गॅस संपतो, काडेपेटी भिजते. चकमक पाण्यात पडली तरी पुसून पुन्हा वापरता येते. आपल्या हाती असलेली वस्तू कशी चालते हे पुरतं कळणं, यातच मला साधेपणाची खरी ओढ वाटते. पावसाळी भटकंतीत जपायची ती चिंधी. डबीचं झाकण घट्ट बसतंय ना, ते निघण्याआधीच पाहा.