पानभर ऑफर, ओळभर अटी

२०१७ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे एक निनावी ई-मेल आला. आपण मारुती सुझुकीचे डीलर आहोत, असे लिहिणाऱ्याने म्हटले होते. त्याची तक्रार अशी होती, की मुंबई वगळता उरलेल्या महाराष्ट्रात कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर डीलरने सूट दिली, तर त्याला दंड भरावा लागतो. आयोगाने चौकशी लावली. कंपनीच्या वतीने काही संस्थांची माणसे गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये जात, जास्त सूट मागत आणि बोलणे गुपचूप रेकॉर्ड करत, हे त्यातून पुढे आले. सूट जास्त दिल्याचे दिसले की अहवाल कंपनीकडे जाई आणि डीलरला खुलासा मागणारा मेल येई. दंडाची झळ डीलरपुरती थांबत नसे. सेल्समन, टीम लीडर, शोरूम मॅनेजर यांनाही ती बसे. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. या आदेशाला कंपनीने अपील न्यायाधिकरणात आव्हान दिले.

मुंबई वगळता उरलेला महाराष्ट्र म्हटले की त्यात नांदेड आले, लातूरही आले. इथला गिऱ्हाईक शोरूममध्ये तासभर घासाघीस करतो. समोरचा सेल्समन हात जोडून सांगतो, ‘साहेब, याच्या खाली आम्हाला उतरताच येत नाही.’ गाडीची किंमत ठरवणारे हात किती लांब असू शकतात, हे या प्रकरणाने दाखवले. गिऱ्हाइकासमोर मात्र येते ती फक्त जाहिरात. म्हणून ती कशी असावी आणि कशी नसावी, याचे नियम त्याला ठाऊक असलेच पाहिजेत.

मराठवाड्यात गाड्यांच्या जाहिरातींचा खरा हंगाम दसरा-दिवाळीचा. सोयाबीन लातूर-नांदेडच्या मोंढ्यात येते, हातात पैसा खेळू लागतो आणि त्याच दिवसांत वर्तमानपत्रांची पाने गाड्यांनी भरतात. पाडवा आणि अक्षय तृतीयेला पुन्हा तेच. जाहिरातीचा साचा ठरलेला असतो. मधोमध गाडी, वर ठळक अक्षरांत लाखभर रुपयांपर्यंतचा ‘लाभ’, बाजूला ‘शून्य डाउन पेमेंट’ आणि ‘विमा मोफत’, शेवटी एक चांदणी. त्या चांदणीचा खुलासा पानाच्या तळाशी, बहुतेक वेळा इंग्रजीत आणि भिंग लावून वाचावा इतक्या बारीक टायपात.

आपल्याकडे वाहन विक्रेत्यांच्या जाहिरातींसाठी वेगळा कायदा नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि त्याखाली ९ जून २०२२ रोजी जाहीर झालेली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सगळ्याच जाहिरातींना लागू आहेत. वर्तमानपत्रातले पान, चौकातले होर्डिंग, केबलवरची पट्टी, मोबाइलवर आलेली रील, माध्यम कोणतेही असो. वस्तूचे खोटे वर्णन करणारी, खोटी हमी देणारी किंवा महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात कायद्याच्या व्याख्येत दिशाभूल करणारी ठरते. इथे ‘दडवणारी’वर लक्ष द्यायला हवे. छापलेला प्रत्येक शब्द खरा असला, तरी सांगायला हवे ते सांगितले नसेल, तर ती फसवणूकच.

तळाच्या बारीक ओळीबद्दल २०२२ ची तत्त्वे स्पष्ट बोलतात. जो दावा केला आहे, त्याच भाषेत खुलासा हवा. दाव्याचा जो टाइप, तोच खुलाशाचा. खुलासा सहज दिसेल अशा जागी हवा. आणि मूळ दाव्यातली दिशाभूल खुलासा टाकून दुरुस्त करता येत नाही. वर ‘सर्वांना’ आणि खाली ‘निवडक ग्राहकांना’, हे चालत नाही. म्हणजे वर मराठीत ‘लाखाची बचत’ आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत अटी, अशी जाहिरात नियमात बसत नाही.

या नियमाला दात आहेत का? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने रॅपिडो या प्रवासी सेवेला १० लाख रुपयांचा दंड केला. पाच मिनिटांत रिक्षा, नाहीतर ५० रुपये मिळवा, अशी तिची जाहिरात होती. प्रत्यक्षात ५० रुपये रोख मिळत नव्हते. ५० पर्यंत ‘कॉइन’ मिळत. ते सात दिवसांत आणि फक्त बाइकच्या प्रवासासाठी वापरायचे. ही अट न वाचता येण्याजोग्या टायपात होती आणि जाहिरात १२० हून अधिक शहरांत सुमारे दीड वर्ष चालली. ज्या ग्राहकांना कबूल केलेले ५० रुपये मिळाले नाहीत, त्यांना ते परत करा, असाही आदेश प्राधिकरणाने दिला. प्रकरण रिक्षाचे असले, तरी कारच्या जाहिरातीला तोच नियम लागतो.

दिशाभूल करणारी जाहिरात थांबवा किंवा बदला, असे प्राधिकरण विक्रेत्यालाही बजावू शकते. उत्पादकाला आणि जाहिरातीत शिफारस करणाऱ्या नटाला वा खेळाडूला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो; पुन्हा तीच चूक केली, तर ५० लाखांपर्यंत.

गळ टाकणाऱ्या जाहिरातींचे कलमही वाचण्यासारखे आहे. सगळ्यात स्वस्त मॉडेलची किंमत ठळक छापायची आणि गिऱ्हाईक आला की ‘ते मॉडेल संपले, वरचे घ्या’ म्हणायचे, हा जुना खेळ. जाहिरातीतल्या किमतीला माल देण्याची वाजवी शक्यता नसेल, तर तशी जाहिरात करताच येत नाही. साठा मोजकाच असेल, तर तेही जाहिरातीतच सांगावे लागते. ‘मोफत’चेही तसेच. एखादी गोष्ट मोफत म्हटली आणि तिचा खर्च दुसऱ्या नावाने वसूल केला, तर ती मोफत नाही. विमा फुकट, पण त्यासाठी अमुक हजारांचे अॅक्सेसरीज किट घ्यावेच लागेल, अशी अट म्हणूनच आक्षेपार्ह ठरते.

जाहिरातीतल्या आकड्याची फोड कशी करायची? बहुतेक जाहिराती एक्स-शोरूम किंमत सांगतात. आठ लाखांची पेट्रोल गाडी घेतली, तर महाराष्ट्रात ११ टक्के रस्ता कर, म्हणजे ८८ हजार रुपये, तिथेच वाढतात. डिझेल गाडीला याच गटात १३ टक्के. मग विमा, नोंदणी शुल्क, फास्टॅग. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा प्राप्तिकर. तो मात्र प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. याखाली कोटेशनमध्ये ‘हँडलिंग चार्जेस’ नावाची ओळ दिसली, तर थांबून विचारा. मोटार वाहन कायद्यात असे कोणतेही शुल्क नाही.

‘लाभा’च्या आकड्यातही बेरीज-वजाबाकी बघावी लागते. रोख सूट, एक्स्चेंज बोनस, जुन्या गिऱ्हाइकाची सवलत, नोकरदारांची सवलत असे सगळे एकत्र करून तो आकडा फुगवलेला असतो. जुनी गाडी नाही आणि नोकरी सवलतीच्या यादीतल्या कंपनीत नाही, अशा शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. ती कपात सरकारने दिली आहे, डीलरने नव्हे. जाहिरातीतल्या बचतीत ती मिसळली आहे का, हे नेमके विचारून घ्यावे.

विम्याच्या बाबतीत इथल्या गिऱ्हाइकाची सर्वांत जास्त कोंडी होते. ‘आमच्याकडूनच विमा घ्या, नाहीतर सूट मिळणार नाही, डिलिव्हरीला उशीर होईल.’ विमा नियामक आयआरडीएआयने डीलरमार्फत विकल्या जाणाऱ्या विम्यासाठी १ नोव्हेंबर २०१७ पासून नियम लागू केले. डीलरला विमा विकता येतो, पण ग्राहकावर तो लादता येत नाही. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो कोणाकडून घ्यायचा, हे मात्र मालकाने ठरवायचे. दोन विमा कंपन्यांचे दर मागवून शोरूमच्या दरासमोर ठेवले की फरक तिथल्या तिथे कळतो.

कर्जाच्या जाहिरातीत फसगत व्याजाच्या हिशेबात होते. पाच लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ‘फक्त ८ टक्के फ्लॅट’ व्याजाने घेतले, तर व्याज दोन लाख आणि हप्ता सुमारे ११,६६७ रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण पाच लाखांवरच धरलेले असते. घटत्या शिलकीवर हिशेब केला, तर हाच दर १४ टक्क्यांच्या आसपास जातो. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांना प्रत्येक किरकोळ कर्जासोबत मुख्य तथ्य पत्रक देणे बंधनकारक केले आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो आणि ते पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत द्यावे लागते. सही करण्याआधी ते मराठीत मागून घ्यावे.

आता न्यायालयात गेलेली तीन प्रकरणे.

पहिले गोव्याचे. एका ग्राहकाने टाटाच्या गाडीसाठी पैसे भरले ते २०११ च्या मॉडेलचे. डीलरने समोर आणून उभी केली ती २००९ मध्ये बनलेली, ६२२ किलोमीटर चाललेली, खालून गंजलेली गाडी. ग्राहकाने ती घ्यायला नकार दिला आणि ग्राहक मंचात गेला. निकाल त्याच्या बाजूने लागत गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने उत्पादक कंपनीला जबाबदारीतून मोकळे केले, कारण कंपनी आणि डीलर यांच्यातला व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधला होता. डीलरची जबाबदारी कायम राहिली. यातून दोन गोष्टी घ्याव्यात. कंपनीचे नाव मोठे असले, तरी शोरूममधल्या कबुलीला कंपनी बांधील असेलच असे नाही. म्हणून तक्रारीत डीलरला प्रतिवादी करायचे विसरू नये. आणि स्टॉक क्लिअरन्सच्या जाहिरातीतली गाडी घेताना फॉर्म २१ व २२ वरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष आधी बघावे.

दुसरे केरळातल्या त्रिशूरचे. फोर्डच्या डिझेल गाडीची जाहिरात लिटरला ३२ किलोमीटरची होती. ग्राहक आयोगाने तज्ज्ञाकडून चाचणी करून घेतली, तर मायलेज निघाले १९.६. आयोगाने सुमारे तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. तिसरे ह्युंदाई क्रेटाचे. अपघातात एअरबॅग उघडली नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूचा निकाल कायम केला. सुरक्षेची वैशिष्ट्ये पाहून गाडी घेणाऱ्या माणसाने वेग आणि बलाचे गणित मांडत बसावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे जाहिरातीत आणि माहितीपत्रकात छापलेला गुण हा विक्रीच्या कराराचाच भाग आहे, या दिशेने निकाल जात आहेत.

दाद मागणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. जुन्या १९८६ च्या कायद्यात विक्रेत्याचे दुकान असेल किंवा व्यवहार घडला असेल, तिथे जावे लागे. देगलूरच्या माणसाने हैदराबादहून किंवा उदगीरच्या माणसाने पुण्याहून गाडी आणली, तर तारखांना तिकडे खेटे. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथे तक्रार करण्याची मुभा दिली. आता तो अनुक्रमे नांदेड किंवा लातूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाऊ शकतो. ५० लाखांपर्यंतच्या किमतीची प्रकरणे जिल्हा आयोगात चालतात. पाच लाखांपर्यंत फी नाही, पाच ते दहा लाखांच्या गाडीला २०० रुपये, दहा ते वीस लाखांच्या गाडीला ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. निकाल मान्य नसेल, तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. पोट भरण्यासाठी स्वतः टुरिस्ट गाडी चालवणाराही ग्राहक ठरतो. व्यापारी कारणाचा अडसर त्याला आपोआप लागत नाही.

त्याआधीची सोपी पायरी म्हणजे १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. तिथे मराठीतही बोलता येते आणि पुष्कळ तक्रारी आयोगाची पायरी न चढता मिटतात.

तरीही कायदा कागदाशिवाय लंगडा पडतो. सेल्समनने तोंडी दिलेला शब्द आयोगासमोर सिद्ध करणे फार कठीण. आडतीवरची पट्टी जशी शेतकरी वर्षानुवर्षे जपून ठेवतो, तशी गाडीची जाहिरात आणि कोटेशन जपायला हवे. वर्तमानपत्राचे ते पान तारखेसह कापून ठेवा. मोबाइलवरच्या ऑफरचा स्क्रीनशॉट घ्या. टोकन देण्याआधी ऑन-रोड किंमत, त्यातली प्रत्येक सूट, मॉडेलचे वर्ष आणि डिलिव्हरीची तारीख शोरूमच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी मागा. नंबर प्लेट लागल्याशिवाय डीलरने गाडी ताब्यात देऊ नये, असा नियम आहे. म्हणून ‘आज बुकिंग, आज डिलिव्हरी’च्या घाईला बळी पडू नका. एवढे लिहून द्यायला जो विक्रेता का-कू करतो, त्याच्याकडे बुकिंग करू नका. आणि फसवणूक झालीच, तर ‘जाऊ द्या’ म्हणून गप्प बसू नका. दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करा.