न उघडणाऱ्या भांडाराची कैफियत

उबंटू किंवा डेबियन यांसारख्या लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकाला नवे सॉफ्टवेअर हवे असले, म्हणजे तो ते वाटेल तेथून उचलून आणीत नाही. ज्या भांडारांचे पत्ते त्याच्यापाशी नोंदवलेले असतात त्यांच्याकडेच तो मागणी करतो, आणि आलेला माल अस्सल असल्याची खातरजमा झाल्यावाचून तो आत घेत नाही. या भांडारांना रिपॉझिटरी म्हणतात, आणि डेबियनच्या १९९९ सालच्या २.१ या आवृत्तीपासून त्यांचा कारभार 'ॲप्ट' ही आज्ञावली पाहत आली आहे. एखाद्या दिवशी 'सुडो ॲप्ट अपडेट' ही आज्ञा देताच पडद्यावर 'एरर'च्या ओळी उमटतात, आणि गांगरलेला मनुष्य एक तर सारी प्रणाली पुसून पुन्हा बसवतो, नाही तर कोणी सांगितलेली, अर्थ न उमगलेली आज्ञा टंकून ती तपासणीच बंद करून टाकतो. पहिल्या मार्गात वेळ व्यर्थ जातो. दुसरा मार्ग मात्र माझ्या मते सर्वस्वी त्याज्य आहे.

त्याचे कारण त्या तपासणीच्या रचनेतच आहे. बहुतेक भांडारांच्या मुळाशी 'इनरिलीज' नावाची एक फाईल असते. तिच्यात भांडारातील पॅकेजांच्या, म्हणजे सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांच्या, सर्व सूचींचे 'हॅश', म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेले ठसे, नोंदवलेले असतात. त्या सूचींत प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो. आणि मूळ फाईलवर भांडारचालकाची डिजिटल स्वाक्षरी असते. ती एक स्वाक्षरी पटली, की हजारो पॅकेजांपैकी कोणत्याही एकात वाटेत कोणी अक्षरमात्र फेरफार केला असला तरी तो उघडकीस येतो. जुन्या दफ्तरात मोहोरेवाचून सनद रुजू होत नसे, तसाच हा शिरस्ता होय. भांडाराच्या नोंदीत 'ट्रस्टेड इक्वल टू येस' एवढे लिहून संदेश गप्प करणे म्हणजे हा शिरस्ताच मोडीत काढणे. आणि तेही अशा व्यवहारात, जेथे आलेले पॅकेज प्रशासकाच्या संपूर्ण अधिकाराने संगणकावर बसवले जाते.

सर्वांत अधिक आढळणारी तक्रार '४०४ नॉट फाउंड' ही, आणि पुष्कळदा तिचे मूळ मुदत संपण्यात असते. उबंटूच्या आवृत्तीचा क्रमांक म्हणजे तिच्या प्रकाशनाचे साल आणि महिना, २३.१० ही ऑक्टोबर २०२३ ची. अशा सामान्य आवृत्तीला नऊच महिने आधार मिळतो, दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे. २३.१० ची मुदत जुलै २०२४ मध्ये संपली. मुदत संपलेल्या आवृत्तीचा संग्रह कालांतराने नष्ट न करता 'ओल्ड-रिलीजेस' या निराळ्या पत्त्यावर हलवला जातो. बिचारा संगणक मात्र जुन्याच दारावर थापा मारीत राहतो. अशा वेळी भांडारांचे पत्ते नोंदवणाऱ्या फाईलची (२३.१० मध्ये 'सोर्सेस डॉट लिस्ट') प्रत काढून ठेवावी, तिच्यातील 'आर्काइव्ह' आणि 'सिक्युरिटी' या दोन्ही पत्त्यांच्या जागी 'ओल्ड-रिलीजेस डॉट उबंटू डॉट कॉम' लिहावे, आणि सूची पुन्हा आल्यावर चालू आवृत्तीकडे विनाविलंब जावे. कारण जुन्या संग्रहात सुरक्षेच्या नव्या सुधारणा येत नाहीत.

'रिलीज फाईल इज नॉट व्हॅलिड येट' हा संदेश त्याहून चमत्कारिक वाटतो, परंतु त्याचा उलगडा सोपा आहे. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरील बटणाएवढा सेल संपला, की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि आज सही झालेली फाईल संगणकाला भविष्यकाळातील वाटते. सेल बदलून तारीख लावली, की तक्रार मिटते. 'हॅश सम मिसमॅच' हा बहुधा अर्धवट उतरलेल्या सूचीचा परिणाम असतो. 'व्हार, लिब, ॲप्ट, लिस्ट्स' या मार्गावरील जुन्या सूची काढून आज्ञा पुन्हा द्यावी.

'नो पबकी' म्हणजे स्वाक्षरी ताडून पाहण्याची किल्ली संगणकापाशी नाही. ती त्या भांडारचालकाच्या अधिकृत स्थळावरूनच घ्यावी आणि 'साइन्ड-बाय' या निर्देशाने त्या एकाच भांडाराशी बांधावी. सर्व किल्ल्या एकाच जुडग्यात ठेवण्याची 'ॲप्ट-की'ची जुनी रीत आता मागे पडली, हे योग्यच झाले. तिच्यामुळे कोणतीही किल्ली कोणत्याही भांडाराची ग्वाही देऊ शके. किल्ली मिळतच नसेल, किंवा ते भांडार चालकाने सोडून दिले असेल, तर त्याची ओळ बिनदिक्कत काढून टाकावी. तेथून पूर्वी घेतलेली पॅकेजे त्यामुळे नाहीशी होत नाहीत, परंतु त्यांना पुढील सुधारणा मिळणे थांबते. म्हणून तीच वस्तू मूळ भांडारात उपलब्ध असल्यास ती तेथून पुन्हा बसवून घ्यावी.